चाळीस हाका

पार्सल हा एसटीत विसरलेला पोपट होता. नऊ वर्षांपूर्वी पाटणहून आलेल्या गाडीत, शेवटच्या बाकाखाली, बुटांच्या खोक्यात तो कंडक्टरला सापडला. तेव्हा त्याच्या अंगावर धड पिसंही नव्हती. कंडक्टरनं नियमाप्रमाणे खोकं कराड स्टँडच्या नियंत्रण कक्षात जमा केलं. तिथं सदाशिव लाटकर, म्हणजे आप्पा, गाड्यांची घोषणा करायला बसत. आप्पांनी कर्ण्यावरून तीनदा पुकारलं, की पाटण-कराड गाडीत खोकं विसरलेल्या प्रवाशानं येऊन घेऊन जावं. कोणी आलं नाही. चार दिवस आप्पांनी त्या पिल्लाला आपल्या डब्यातली भाकरी दुधात कुस्करून भरवली आणि पाचव्या दिवशी खोकं बगलेत मारून घर गाठलं. नाव ठेवायला वेगळं डोकं चालवावं लागलं नाही.

देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे हे आप्पांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा पार्सल त्यांच्या खांद्यावर झोपायला लागला होता. तसं पाहिलं तर निम्म्या शनिवार पेठेत कुठे ना कुठे एखादा पिंजरा टांगलेला असे. बंदीचा बोभाटा झाला की लोक पिंजरे पुढच्या दारातून मागच्या दारी नेत. कायद्याला एवढा मान पुष्कळ झाला, असं सगळ्यांनाच वाटे.

मग कडं आलं.

कडं म्हणजे वालाच्या दाण्याएवढं यंत्र. ते पोपटाच्या पायात अडकवायचं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं असं शोधून काढलं होतं, की बोलण्याआधीच्या पाऊण सेकंदात पोपटाच्या काळजाचे ठोके आणि श्वास ठरावीक रीतीनं बदलतात. नुसतं गुणगुणायचं असेल तर एक रीत, भ्यालेला असेल तर दुसरी, आणि आपल्या माणसाला हाक मारायची असेल तर तिसरीच. ही तिसरी रीत प्रत्येक माणसापुरती वेगळी असे, म्हणजे हाक कुणाला होती हेही कळे. पोपट काय बोलला हे पूर्वीही ऐकू येत होतं. तो का बोलला, हे आता मोजता येऊ लागलं.

आणि एखादी गोष्ट मोजता आली की तिचा नियम व्हायला वेळ लागत नाही. पक्षी पुनर्वसन मंडळानं अभय योजना काढली. ज्यांच्या घरी पोपट आहे त्यांनी तो जाहीर करावा, शिक्षा होणार नाही. तीस दिवस पोपटाच्या पायात कडं राहील. तेवढ्यात त्यानं आपल्या माणसाला किमान चाळीस हाका मारल्या, तर त्याचा जीव त्या माणसात गुंतलाय असं धरून तो तिथंच राहील. नाहीतर मंडळाच्या पक्षीघरात जाईल आणि चार पोपटांत राहायला शिकेल. तिकडे जुन्या मालकानं फिरकायचं नाही. वाचायला सगळं रास्त होतं. मुक्या जिवाचं मत घेऊन केलेला पहिला नियम म्हणून त्याचं कौतुकही झालं.

संपदा त्या मंडळात कंत्राटावर निरीक्षक होती. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं. पोपटाला इजा न करता कडं कसं घालायचं, आकडे कसे उतरवायचे, घरच्यांच्या सह्या कुठे घ्यायच्या, एवढंच तिला शिकवलं होतं. आप्पांचं घर तिच्या पहिल्याच आठवड्यातलं.

आप्पा सत्तरीकडे झुकलेले, एकटे, लग्न न केलेले. घर एका खोलीचं, पण झाडलेलं-पुसलेलं. भिंतीवर जुन्या गाड्यांचं वेळापत्रक टांगलेलं. शेजारच्या मालनताई दोन वेळची भाकरी आणून देत आणि त्या दिवशी काय घडतंय ते बघायला आधीच येऊन बसल्या होत्या. पार्सलनं कडं घालताना संपदाच्या बोटाला एकदा चावून घेतलं आणि आप्पांच्या खांद्यावर जाऊन पंख फुगवून बसला.

बोलतो का, असं संपदानं विचारलं. आप्पा म्हणाले, शीळ घालतो, थोडं पुटपुटतो, बाकी काही नाही. मालनताईंना ते मुळीच पटलं नाही.

‘‘तुम्ही बाहेर पडला की वरडतो की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आप्पा, हाय का? असं. माझ्याच आवाजात. दारातनं मी हाक मारते ना, तश्शी. परवा मला वाटलं, मीच दारात उभी हाय.’’

‘‘मालन थट्टा करते माझी,’’ आप्पा हसून म्हणाले. ‘‘नऊ वर्षांत मी तरी एकदाही ऐकलं नाही.’’

संपदानंही ती थट्टाच समजली. सह्या झाल्या. नियमाचा कागद तिनं वाचून दाखवला. त्यात घरच्यांसाठी एकच सूचना होती, की रोजच्यासारखं वागावं. ती निघाली तसे आप्पा दारापर्यंत आले. कर्ण्यावरून अख्ख्या स्टँडला हलवणारा माणूस, पण आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, ‘‘बाई, मी काय केलं म्हणजे हा राहील?’’

यावर कागदावरचं वाक्य पुन्हा म्हणायचं, असं तिला शिकवलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला कागद ऐकवणं तिच्या जिवावर आलं.

‘‘त्याच्याजवळ बसा आप्पा,’’ ती म्हणाली. ‘‘जमेल तितका वेळ द्या त्याला.’’

तिला मनापासून तसंच वाटत होतं. जवळीक वाढली की हाका वाढतील, असं कोणालाही वाटलं असतं.

आप्पांनी आयुष्यभर आगाराचे हुकूम पाळले होते. हाही पाळला. संध्याकाळी स्टँडवर निवृत्त मंडळींबरोबर चहा घ्यायचा त्यांचा आठ वर्षांचा नेम होता, तो बंद केला. इस्लामपूरला पुतणीचं लग्न होतं, तिथला आहेर मालनताईंच्या हाती पाठवला. दूध, भाजी, औषधं सगळं मालनताई आणू लागल्या. आंघोळीला जाताना पार्सल दिसत नाही म्हणून त्यांनी पिंजरा न्हाणीच्या दारासमोर टांगला आणि दार उघडं ठेवून आंघोळ करू लागले. मालनताईंनी त्यावरून त्यांना पुष्कळ छेडलं. आप्पा दिवसभर पार्सलला जुन्या घोषणा ऐकवत. सातारा विनाथांबा, फलाट तीन. उंब्रज-मसूर, फलाट सात. पार्सल मान वाकडी करून ऐके, पेरू खाई, चोचीवर चोच घाशी आणि त्यांच्या कानाशी डोळे मिटून बसे. त्याच्या नऊ वर्षांतला तो सगळ्यांत सुखाचा महिना असावा. तो एक शब्दही बोलत नव्हता.

अठराव्या दिवशी संपदाला पुढच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला बोलावलं. कडं शोधून काढणाऱ्या डॉक्टर गोगटे स्वतः शिकवायला होत्या. पिकलेले केस, ठाम बोलणं. त्यांनी रानातल्या थव्याचं चित्र पडद्यावर लावलं आणि सांगायला लागल्या.

रानात पोपट कुणाची नक्कल करत बसत नाही. थव्यात राहतो, दाट पानांत एकमेकांपासून आड होतो, आणि आड झाला की हाक मारतो. तू कुठं आहेस, मी इथं आहे, एवढाच तिचा अर्थ. काही जातींत तर आईबाप प्रत्येक पिल्लाला त्याची त्याची हाक देतात, आपण नाव ठेवतो तशी. घरातल्या पोपटाला थवा नसतो. मग माणसं हाच त्याचा थवा होतो, आणि माणसांच्या तोंडून ऐकलेला एखादा शब्द त्याची हाक होते. लोक शेजारी बसून त्याला बोल बोल म्हणतात, तो गप्प राहतो, आणि लोकांना वाटतं की हा हट्टी आहे.

‘‘माणूस दिसत असतो तोवर त्याला हाकेची गरज नसते,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘तो नजरेआड झाला की मारतो. म्हणून आपण हाका मोजतो.’’

संपदानं मांडीवरच्या फोनवर आप्पांचं पान उघडलं. अठरा दिवस, हाका दोन. दोन्ही पहिल्या दोन दिवसांतल्या, सकाळी साडेसातच्या. पिंजरा न्हाणीसमोर टांगण्याआधीच्या, आप्पा दार लावून आंघोळीला असतानाच्या; पाण्याच्या आवाजात त्या त्यांना ऐकू गेल्या नसणार.

तिनं हात वर केला. माणूस तीस दिवस पोपटासमोरून हललाच नाही तर काय, असं विचारलं.

‘‘दूध आणायला तरी जाईलच ना?’’ डॉक्टर म्हणाल्या आणि वर्गात हशा पिकला. ‘‘असा माणूस असतो कुठं?’’

मग त्यांनी गंभीर होऊन सांगितलं, की यातलं काहीही घरच्यांना कळता कामा नये. सुरुवातीला एका तालुक्यात ही गोष्ट फुटली होती. लोकांनी घरांना कुलपं लावली आणि दाणापाणी शेजाऱ्यांवर सोपवून महिनाभर पाहुण्यांकडे जाऊन राहिले. पोपटांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. तिघांनी स्वतःची पिसं उपटून छाती उघडी केली. तेव्हापासून जो निरीक्षक बोलेल त्याला घरी पाठवायचं असं ठरलं होतं. पाटणच्या एका मुलीची नोकरी गेल्याच महिन्यात गेली होती. तिनं सांगितलं होतं स्वतःच्या मावशीला.

परतीच्या गाडीत संपदाच्या फोनवर नवऱ्याचा संदेश आला. निघालीस का? दिवसातला सातवा. रणजित कांडल्याला बंदरावर नोकरीला होता. दिवाळीत आठ दिवस घरी आला तेव्हा तो सोफ्यावर पडून राहिला होता, आणि शेवटच्या दिवशी तिनं त्याला रडून विचारलं होतं की लांबून एवढं बोलतोस, मग जवळ आल्यावर तुझी दातखीळ का बसते. आता ती त्या सातव्या संदेशाकडे बराच वेळ बघत राहिली. त्याच्यावर धरलेला राग तिला कुठे ठेवावा कळेना.

एकविसाव्या दिवशी तिनं एक युक्ती केली. एक सही राहिली आहे, विद्यानगरच्या कार्यालयात येऊन जा, असा आप्पांना फोन केला. जाऊन-येऊन दीड तास मोडला असता. मालनताईंच्या म्हणण्यावर जायचं तर तेवढ्यात पंधरावीस हाका सहज झाल्या असत्या, आणि मग दुसरी सही काढता आली असती.

आप्पा रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या हातात पिंजरा होता. वरून पंचा पांघरलेला.

‘‘आप्पा, ह्याला कशाला आणलंत?’’

‘‘तुम्हीच म्हणालात ना, जवळ बसा. एकवीस दिवस झाले बाई, मी ह्याला नजरेआड केलेला नाही.’’

ते त्यांनी चांगलं काम केलेल्या माणसासारखं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे तिचे वरिष्ठ निकम साहेब कौतुकानं बघायला लागले. त्यांच्या हाताखाली कंत्राटं वाढवायची यादी पडलेली होती. आप्पा, पोपट इथं ठेवून जरा बाहेर फिरून या, एवढंच म्हणायचं होतं. संपदानं सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. आप्पांनी सही केली, पंचा सारखा केला आणि रिक्षा थांबवून ठेवलीय म्हणत घाईनं गेले.

अजून नऊ दिवस होते. त्यातल्या कोणत्याही संध्याकाळी ती जाऊन सांगू शकली असती. दोनदा ती शनिवार पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेलीही. पण पाटणच्या मुलीची आठवण झाली की स्कूटर आपोआप वळे. उद्या सांगू असं ती रोज ठरवी, आणि उद्या उजाडला की त्याचाही उद्या होई. नोकरी गेली असती तर ती उपाशी मरणार नव्हती. नुसती भ्याली होती.

एकतिसाव्या दिवशी सकाळी मंडळाची जीप घेऊन ती आप्पांच्या दारात उभी राहिली. आधी कडं काढलं, पाकिटात घालून मोहोर लावली. मग निकालाचा कागद दिला. आप्पांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. एकूण हाका तीन. व्यक्तीविषयी ओढ आढळली नाही. तिसरी हाक, दारात शिरलेल्या बैलाला हाकलायला ते रस्त्यावर गेले होते तेव्हाची.

मालनताई मात्र भांडायला उठल्या. ‘‘ओढ नाही कशी? मी सांगते की! इतकी वर्सं ऐकते मी. माझी सही घ्या.’’

माणसांची साक्ष नियमात बसत नाही, असं संपदानं सांगितलं. ते सांगताना तिनं मालनताईंकडे बघितलं नाही.

‘‘राहू दे मालन,’’ आप्पा म्हणाले. ‘‘यंत्राला काय माझ्याशी खोटं बोलायचं पडलंय? नऊ वर्षं सांभाळला म्हणून त्याला ओढ असलीच पाहिजे असं थोडंच आहे. एसटीतलं पार्सल ते. आपण नुसतं जपून ठेवलं.’’ मग त्यांनी पेरूच्या फोडी केल्या, पिंजऱ्यातली वाटी विसळून पाणी भरलं आणि पिंजरा स्वतः जीपमध्ये नेऊन ठेवला. जीपच्या दाराच्या कडीशी खेळत राहिले. बंद करायला हात धजत नव्हता, म्हणून शेवटी ड्रायव्हरनंच दार लावलं.

जीप गल्लीच्या टोकाला वळली आणि घर दिसेनासं झालं.

‘‘आप्पा, हाय का?’’

संपदा दचकून मागे बघायला लागली, की मालनताई धावत आल्या की काय. पार्सल पिंजऱ्याच्या गजाला चोच लावून मागच्या काचेतून बघत होता.

‘‘आप्पा, हाय का?’’

स्पष्ट, मोठ्यानं, शेवटी थोडा वर चढणारा आवाज. मग थोडं थांबून, कान देऊन, पुन्हा. तिच्या मांडीवर मोहोर लावलेलं पाकीट होतं आणि त्यात कडं. तिनं फोन काढला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. मोजायचं असं तिनं ठरवलं नव्हतं, पण मोजणं थांबेना. दत्त चौकात अकरा झाल्या. स्टँडपाशी, कर्ण्यावरून कुठल्याशा गाडीचा पुकारा चालू होता, तिथं तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग लागोपाठ सहा वेळा ओरडला. कृष्णेच्या पुलावर चाळीस झाल्या.

‘‘हा आप्पा कोण हो मॅडम?’’ ड्रायव्हरनं विचारलं.

तिनं जीप थांबवायला सांगितली आणि निकम साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कडं काढलं असेल तर मोजमाप संपलं, म्हणाले. फोनवरचं ध्वनिमुद्रण कोणीही करून आणेल. निकम साहेब काही वाईट माणूस नव्हते. फोन ठेवण्याआधी आवाज उतरवून ते म्हणाले, ‘‘संपदा, तू त्यांना काही बोलली होतीस का?’’

‘‘नाही सर,’’ ती म्हणाली.

पक्षीघर डोंगराच्या उतरणीला होतं. जाळीचा भलामोठा मांडव, आत झाडं, आणि दीडशे पोपट. बाहेरून यात्रेत उभं राहिल्यासारखं वाटे. आई, दार उघड. बबन, जेवलास का. अहो, ऐकलं का. ज्यांना ज्यांना या हाका होत्या त्यांतलं एकही माणूस तिथं नव्हतं. पार्सलला आत सोडलं. तो दारालगतच्या फांदीवर बसला आणि त्या कोलाहलात आपली हाक मिसळू लागला.

नऊ दिवसांनी, पार्सलचा रिकामा पिंजरा आप्पांना परत करायचा होता म्हणून ती पक्षीघरात गेली. तिथल्या राखणदारानं खुशखबर द्यावी तसं सांगितलं, की तुमचा पोपट रुळला बघा. पाच दिवस सारखा वरडत होता, आता एकदम शांत झालाय. वहीत त्यानं तशी नोंदही केली होती. संपदा जाळीजवळ गेली. पार्सल दारालगतच्या त्याच फांदीवर होता, पण तोंड भिंतीकडे करून. तिनं त्याला नावानं हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. जवळ माणूस असलं की पोपट गप्प राहतो, एवढंच डॉक्टरांनी शिकवलं होतं. या दुसऱ्या गप्प राहण्याबद्दल त्या वर्गात कोणी विचारलं नव्हतं.

पिंजरा स्कूटरला बांधून ती आप्पांकडे निघाली ती सगळं सांगायचं ठरवूनच. ध्वनिमुद्रण ऐकवायचं, जवळ बसा हे आपणच चुकीचं सांगितलं हे सांगायचं, पुढे जे व्हायचं ते होवो.

आप्पांचं दार उघडंच होतं. ते नेहमीच्या जागी, रिकाम्या खुंटीखाली बसले होते. चहाच्या वेळी स्टँडवर जायचा नेम त्यांनी परत सुरू केला नव्हता. तिला बघून त्यांनी हातानंच बसायची खूण केली, पिंजरा घेतला, त्यातला वाळलेला पेरूचा तुकडा काढून खिडकीबाहेर टाकला. मग तिच्याकडे न बघता विचारलं.

‘‘बाई, खरं सांगा. रस्त्यात काही बोलला का तो? मालन म्हणते तसं?’’

फोन तिच्या हातात होता. नुसतं बोट लावायचं होतं, की नऊ वर्षांत त्यांनी जे कधी ऐकलं नव्हतं ते त्या खोलीत ऐकू आलं असतं. मग त्यांना कळलं असतं, की तो तीस दिवस गप्प होता तो आपण समोर होतो म्हणून. आपण पुतणीच्या लग्नाला गेलो असतो, चहाला गेलो असतो, तर तो आज इथं असता. उरलेलं आयुष्य त्यांनी तेवढंच घोळवलं असतं. संपदानं असं स्वतःला सांगितलं. यातला किती विचार आप्पांसाठी होता आणि किती स्वतःसाठी, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

‘‘नाही आप्पा,’’ ती म्हणाली. ‘‘गप्प होता.’’

आप्पांनी मोठा श्वास सोडला. ‘‘मग बरं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘जीव लागलेला नव्हता म्हणजे. तिथं रमेल तो.’’

तिला खाली बघवेना आणि वरही बघवेना. आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. चहा टाकतो, म्हणाले, आणि पडद्यामागं गेले. पातेलं वाजलं, स्टोव्ह घरघरू लागला.

‘‘बाई, आहात ना?’’ आतून हाक आली.

ती तिथंच, त्या खुंटीखाली बसून होती. पण तिच्या तोंडून ओ फुटेना. आत स्टोव्हचा आवाज बारीक झाला. आप्पा कानोसा घेत होते.

‘‘बाई, आहात का?’’ त्यांनी पुन्हा विचारलं.